मोबाइल, सेवा केंद्र, कचेरी की माहिती अधिकार: सीमाभागात कोणत्या कामाला कोणती वाट धरावी?

माझं माहेर कोल्हापूर जिल्ह्यातलं, सासर बेळगाव जिल्ह्यातलं, दोन्ही सीमेला लागून. बाची सोडून शिनोळीत शिरलं की राज्य बदलतं. पिकं तीच, जत्रा त्याच, सोयरीकही त्याच गावांत. बदलतात ते कागद. तिकडं वडील गेले आणि सहा महिन्यांच्या आत इकडं सासरे. वडिलांच्या सातबाऱ्यावर आम्हा भावंडांची नावं लावायची आणि सासऱ्यांच्या आरटीसीवर, म्हणजे कर्नाटकातल्या सातबाऱ्यावर, सासूबाईंचं नि मुलांचं, अशी दोन्ही कामं एकदम निघाली. फॉर्म भरण्याची सवय घरात मला, म्हणून ती माझ्याकडं आली.

त्यानंतर भावकीतली, गल्लीतली माणसं विचारायला येऊ लागली. "वैनी, मोबाइलवरच करू काय? का ग्राम वनच्या सेवा केंद्रात जाऊ? का सरळ तालुक्याला जाऊन साहेबांस्नी भेटू?" प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहावं असं वाटलं. ज्यांचं काम अडलंय, किंवा उद्या निघणार आहे, त्यांच्यासाठी हे आहे.

माझं मत आधीच सांगते. सोपी वाट कुठली हे नंतर बघा. काम अडलं तर तुमच्या हातात काय उरतं, हे आधी बघा: एखादा नंबर, शिक्क्याची प्रत, की नुसतं "होईल, या पुढच्या आठवड्यात"? आणि जे हातात पडलं ते घरात कुणाला वाचता येतं का? सरकार डिजिटल झालं, कारभार उघडा झाला, असं आपण ऐकतो. त्यातलं आपल्यापर्यंत किती पोचलं हे या दोन गोष्टींवर कळतं.

सातबारा आणि आरटीसी शेजारी ठेवून

कर्नाटकानं 'भूमी' प्रकल्प उभा केला त्याला आता पंचवीस वर्षं होत आली. सुमारे ६७ लाख शेतकऱ्यांचे २ कोटी उतारे संगणकावर चढले, हाताने लिहिलेला उतारा बाद झाला आणि तालुक्याच्या खिडकीवर १५ रुपयांत छापील उतारा मिळू लागला. देशभर त्याचं नाव झालं आणि ते योग्यच होतं. सासूबाई सांगतात, त्याआधी उताऱ्यासाठी तलाठी कुठल्या गावी आहे याचा पत्ता लावण्यातच दिवस जायचा. सोसायटीच्या कर्जाची मुदत टळून जायची. महाराष्ट्रातही सातबारा संगणकावर आला आणि २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत घरबसल्या मिळतो. दोन्ही राज्यांनी मोठं काम केलं आहे, हे मान्य करूनच पुढचं लिहिते.

दोन्ही उतारे टेबलावर शेजारी ठेवले की पहिला घोळ मापाचा. माहेरी हेक्टर-आर, सासरी एकर-गुंठे-आणे. एक आर म्हणजे जवळजवळ एक गुंठा, म्हणून आकडे फसवे वाटतात. एक एकर ४० गुंठ्यांचा, हेक्टर मात्र १०० आरचा. तिकडचा ०.४० आणि इकडचा १-० हे जवळपास सारखंच क्षेत्र, हे माझ्या भावाला पटवायला मला पाटी घ्यावी लागली. वाटणीच्या बोलण्यात हा घोळ भांडणापर्यंत जातो.

दुसरा घोळ लिपीचा, आणि तो जास्त खोल आहे. आरटीसी पूर्ण कन्नडमध्ये. सासूबाई चौथी शिकलेल्या, मराठी शाळेत. घरच्या आरटीसीची प्रत त्यांनी वर्षानुवर्षं पत्र्याच्या पेटीत जपली, पण ती वाचली कधीच नाही. एका संध्याकाळी माझ्या मुलानं ती मोठ्यानं वाचून दाखवली. तो शाळेत कन्नड शिकतो. "सर्वे नंबर... हिस्सा... खाते... खराब... बागायतु... खुष्की..." सासूबाई चुलीपुढून उठून जवळ येऊन बसल्या. "हे सगळं मला कळूलालंय की!" म्हणाल्या. कळणारच. हे शब्द दोन्ही भाषांचे आहेत, शेकडो वर्षं याच मातीत वापरले गेलेले. मग हिस्सा नंबर आला आणि त्या म्हणाल्या, "थांब. दोन न्हवं, तीन. दोन धाकट्या दीरांचा." आणि खरोखरच तिथं चूक होती. संगणकावर चढवताना झाली की आधीपासूनची, देव जाणे. एवढी वर्षं तो उतारा ऑनलाइन होता, जगात कुणालाही फुकट बघता येत होता. ज्या बाईची जमीन, तिलाच तो बंद होता.

म्हणून मी सगळ्यांना सांगते, काम कुठलंही असो, अर्ज करण्याआधी आपला उतारा कन्नड येणाऱ्या माणसाकडून घरच्या थोरल्यांसमोर मोठ्यानं वाचून घ्या. नवव्या रकान्यात मालकाचं नाव, अकराव्यात बोजा आणि इतर हक्क. हे दोन रकाने तरी नक्कीच.

हीच अडचण उलट बाजूनं जत, अक्कलकोटच्या कन्नड भाषक शेतकऱ्यालाही आहे, हे विसरून चालणार नाही. त्याचा सातबारा मराठीत. जमिनीच्या नोंदी आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या भाषांच्या लिपीत दिसाव्यात यासाठी केंद्राचा कार्यक्रम आहे. म्हणजे करता येणार नाही अशातली ही गोष्ट नाही. सीमेच्या दोन्ही अंगांना ती सगळ्यांत आधी व्हायला हवी होती.

मोबाइलवर स्वतः

बघण्यासाठी ही वाट उत्तम. उतारा तपासायचा, म्युटेशन, म्हणजे फेरफार, कुठं अडलंय ते बघायचं, नुकसानभरपाईच्या यादीत नाव आहे का शोधायचं, यासाठी बसभाडं घालवून तालुक्याला जायची गरज नाही. महाभूलेख मराठीत आहे, आपले सरकार मराठीत आहे. इकडचं सेवा सिंधू, म्हणजे कर्नाटकचं सरकारी सेवांचं संकेतस्थळ, कन्नड आणि इंग्रजीत. इंग्रजी समजणारं पोर घरात असेल तर निभतं.

अर्ज करण्यासाठी मात्र मी ही वाट सगळ्यांना सुचवत नाही. आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू असेल तरच ओटीपी येतो. म्हाताऱ्या माणसांचा नंबर बहुधा मुलाचा असतो, मुलगा पुण्याला किंवा गोव्याला, आणि ओटीपीची मुदत काही मिनिटांची. खानापूरच्या जंगलपट्ट्यात, भीमगडच्या आतल्या गावांत, रेंजसाठी टेकडी चढावी लागते. तिथल्या माणसाला "ऑनलाइन आहे सगळं" असं सांगणं म्हणजे काहीच न सांगणं.

आणि सगळं एकाच यंत्रणेवर टाकलं की ती बसली म्हणजे सगळंच बसतं. जानेवारी २०२५ मध्ये कर्नाटकच्या मुद्रांक-नोंदणी खात्याच्या कावेरी २.० या संगणक यंत्रणेवर सायबर हल्ला झाला आणि राज्यभर खरेदी-विक्रीची नोंदणी खोळंबली. त्याआधी काही महिन्यांपासून नोंदणीला ई-खाता, म्हणजे मिळकतीचा संगणकीय उतारा, सक्तीचा झाला होता, म्हणजे एक कागद निघाला नाही की दुसरा होत नाही, दुसरा झाला नाही की बँकेचं कर्ज थांबतं. आमच्या नात्यातल्या एका मुलीच्या लग्नासाठी जागा विकायची होती. घेणारा तयार, पैसे तयार, आणि दस्त होईना. मुहूर्त काही सर्वरसाठी थांबत नाही. पर्यायी कागदी वाट न ठेवता जुनी वाट मोडायची, ही या सुधारणांमधली मला सगळ्यांत मोठी चूक वाटते.

वारसनोंदीच्या बाबतीत माझा अनुभव असा. माहेरी भावानं 'ई-हक्क' या फेरफाराच्या ऑनलाइन सेवेवर स्वतः अर्ज भरला, मराठीत. तलाठ्याची नोटीस निघाली, पंधरा दिवसांची हरकतीची मुदत संपली, मंडल अधिकाऱ्यानं नोंद मंजूर केली. एक हेलपाटा पडला, तोही मृत्यूच्या दाखल्याची मूळ प्रत दाखवायला. सासरी तोच अर्ज मी मोबाइलवर भरायला बसले आणि नावावर अडकले.

एका नावाची दोन माणसं

सासऱ्यांचं नाव ज्ञानेश्वर. आपण 'द्न्या' म्हणतो, म्हणून आधारवर इंग्रजी स्पेलिंग 'डी-एन-वाय'नं सुरू होतं. कन्नडमध्ये तेच जोडाक्षर वेगळं उच्चारतात, म्हणून मृत्यूच्या दाखल्यावर 'जे-एन'. शिवाय कन्नड लिहिण्याच्या पद्धतीप्रमाणे शेवटी एक 'ए' जास्त. सेवा केंद्रातला मुलगा म्हणाला, "काकी, शिस्टिम ही दोन मानसं हैत म्हनून दाखवूलालंय." सत्तर वर्षं एका गावात जगलेला, सोसायटीचा चेअरमन राहिलेला माणूस, मेल्यावर दोन झाला.

हे आमच्या घरापुरतं नाही. २०२४ पासून कर्नाटकात आरटीसी आधारला जोडण्याचं काम चाललं आहे, शेतकऱ्यांना फ्रूट्स या शेतकरी नोंदणी यंत्रणेचा एफआयडी नंबर लागतो, तिकडं महाराष्ट्रात ॲग्रिस्टॅकचा शेतकरी ओळख क्रमांक लागतो. प्रत्येक जोडणीत नाव जुळावं लागतं. मराठी नाव आधी कन्नड कारकुनाच्या कानातून, मग कन्नड लिपीतून, मग इंग्रजी स्पेलिंगमधून जातं. प्रत्येक टप्प्यावर थोडं झिजतं. बायकांचं तर माहेरचं नाव एक आणि सासरचं दुसरं, दोन राज्यांत दोन. मी माहेरच्या सातबाऱ्यावर एक बाई आहे आणि इकडच्या रेशन कार्डावर दुसरी. गॅझेटची प्रत आणि लग्नाचा दाखला मी आता पर्समध्येच ठेवते.

नावात फरक असेल तर मोबाइल आणि सेवा केंद्र या दोन्ही वाटांवर वेळ घालवू नका. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं ॲफिडेव्हिट करा आणि कागद घेऊन सरळ कचेरी गाठा.

ग्राम वन आणि आपले सरकार केंद्र

नावं स्वच्छ जुळत असतील तर अर्जासाठी माझी पहिली पसंती सेवा केंद्रालाच. ग्राम वन २०२२ पासून गावोगाव सुरू झालं, बेळगाव शहरात कर्नाटक वन आहे, पंचायतीत बापूजी केंद्र. चालवणारी पोरं बहुतेक गावातलीच, मराठी आणि कन्नड दोन्ही येणारी. कन्नड अर्जाचा मराठी दुभाषा म्हणून त्यांचं काम फार मोलाचं आहे. २०२३ मध्ये कर्नाटकाच्या गृहलक्ष्मी योजनेची नोंदणी सुरू झाली तेव्हा सर्वर धड चालत नव्हता, आणि आमच्या भागातली केंद्रं रात्री अकरापर्यंत उघडी होती. महिन्याचे २,००० रुपये आज ज्या बायकांच्या खात्यात येतात, त्यांतल्या कितीतरी जणींचा अर्ज अशा एखाद्या पोरानं जागून भरला आहे.

पण इथंच एक खड्डा आहे आणि त्यात मी पडले. एका केंद्रात अर्ज भरताना चालकानं घाईत मोबाइल नंबराच्या जागी स्वतःचाच नंबर टाकला. त्यात त्याचा वाईट हेतू होता असं मला आजही वाटत नाही. ओटीपी पटकन यावा, रांग पुढं सरकावी, एवढंच. पण "कागद अपुरा, पूर्तता करा" हा कचेरीचा संदेश गेला त्याच्या मोबाइलवर, शंभर संदेशांच्या ढिगात. एकवीस दिवस मी वाट बघत राहिले, आणि कचेरीच्या नोंदीत अर्जदारानं उत्तर दिलं नाही म्हणून अर्ज निकाली निघालेला.

तेव्हापासून तीन गोष्टींशिवाय मी केंद्रातून उठत नाही. नंबर माझाच टाकला की नाही ते पडदा आपल्याकडं वळवून बघते. अर्ज पाठवण्याआधी तो वाचून घेते. आणि पोच हातात घेऊन तिच्यावरचे आकडे मोजते. कर्नाटकात 'सकाल'मध्ये, म्हणजे ठरल्या दिवसांत सेवा देण्याच्या कायद्यात, येणारी सेवा असेल तर पोचेवर १५ आकडी जीएससी नंबर असतो. नंबर नसेल तर अर्ज केल्याचा तुमच्याकडं पुरावाच नाही. पावतीवरच्या फीपेक्षा जास्त पैसे मागितले तर पावती मागा. बहुधा मागणी तिथंच थांबते.

पूर्वी गावाचा उतारा तलाठ्याच्या दप्तरात असायचा, आता तो लॉगिनच्या आड आहे आणि लॉगिन चालवणारा दुसराच कुणीतरी. मधला माणूस गेला नाही, फक्त त्याची खुर्ची बदलली. चांगला असेल तर आधार, नसेल तर पूर्वीचीच अडवणूक.

कचेरीची खिडकी

नवी पिढी नाडकचेरीला (तालुक्याखालची महसूल कचेरी) आणि तालुका कचेरीला नाकं मुरडते. चूक दुरुस्त करायची असेल, नाव जुळत नसेल, जुना कागद शोधायचा असेल, तर हीच वाट खरी. जो प्रश्न फॉर्मच्या रकान्यात बसत नाही, तो माणसापुढंच मांडावा लागतो. हिस्सा दोनचा तीन करायला कुठलंच बटण नव्हतं. कागदी अर्ज, जुना उतारा, मोजणीचा नकाशा, पंचनामा, असंच ते झालं. (कर्नाटकच्या मोजणी यंत्रणेचं नाव 'मोजिणी' आहे, हे मला फार जवळचं वाटतं.)

जुन्या कागदांचा प्रश्न इथं वेगळाच आहे. हा भाग १९५६ पर्यंत मुंबई राज्यात, त्यामुळं जुने कितीतरी दस्त मराठीत, त्याआधीचे मोडीत. रेकॉर्ड रूममधल्या जुन्या कागदांचं स्कॅनिंग कर्नाटकानं हाती घेतलं आहे ते फार चांगलं झालं. वाळवीनं खाण्याआधी चित्र तरी राहील. पण मोडी कागदाचं चित्र पडद्यावर आलं म्हणून ते वाचणारा कुठून आणायचा? सूचीत गावाचं किंवा माणसाचं नाव चुकीचं वाचून चढवलं तर तो कागद शोधून कधीच सापडणार नाही. म्हणून जुन्या वाटणीपत्राची घरातली प्रत, कितीही जीर्ण असो, टाकू नका.

अर्जाच्या भाषेबद्दल सगळे विचारतात. कर्नाटकची राजभाषा कन्नड, त्यामुळं नेहमीचा अर्ज कन्नडमध्ये दिला तर काम लवकर हलतं. मी कन्नडमध्येच देते, लिहून घेते. पण गाऱ्हाणं मांडायचं असेल तर राज्यघटनेचं कलम ३५० लक्षात ठेवा. केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत, कुठल्याही अधिकाऱ्याकडं गाऱ्हाण्याचं निवेदन देण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. मराठी निवेदन टपालात घ्यायला कुणी नाही म्हणालं तर आवाज न चढवता हे कलम लिहिलेला कागद पुढं करा. मी एकदा केला आहे. निवेदन घेतलं, शिक्का मारून दिला. दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही.

उशीर झाला तर: सकाल की लोकसेवा हक्क?

कर्नाटकचा सकाल कायदा २०११ चा, राज्यभर अंमल एप्रिल २०१२ पासून. प्रत्येक सेवेला ठरलेले दिवस, आणि उशीर झाला तर दिवसाला २० रुपयांप्रमाणे जास्तीत जास्त ५०० रुपये अर्जदाराला. महाराष्ट्राचा लोकसेवा हक्क कायदा २०१५ चा. तिथं अर्जदाराला भरपाई नाही, पण अपिलात दोष ठरला तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड, आणि वर दाद मागायला स्वतंत्र आयोग.

कागदावर मला महाराष्ट्राची रचना जास्त भक्कम वाटते, आयोगामुळं. वापरायला सकाल सोपा, कारण नंबर टाकला की किती दिवस उरले ते दिसतं. सासऱ्यांच्या कामाला दुसऱ्यांदा केलेल्या अर्जात बारा दिवस उशीर झाला. हिशेबानं २४० रुपये होतात. ते मी मागितले नाहीत, तारीख उलटल्याचं अपील तेवढं केलं. त्याच आठवड्यात फाइल हलली. भरपाई मागणारा माणूस मी आमच्या भागात अजून पाहिला नाही. लोकांना वाटतं, उद्या पुन्हा याच टेबलावर यायचं आहे. ही भीती खरी आहे, तिला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण अपील म्हणजे भांडण नव्हे. कायद्यानंच दिलेली ती पुढची पायरी आहे.

तारीख उलटण्याआधीच अर्ज फेटाळून टाकण्याची पळवाट दोन्हीकडं आहे. "अपूर्ण" म्हणून निकाली काढलं की आकडेवारीत ते काम वेळेत झालेलं दिसतं. माझ्या त्या एकवीस दिवसांचं तेच झालं. म्हणून नकाराचं कारण लेखी घ्या.

माहिती अधिकार

काम करून घेण्यासाठी नव्हे, काम का होत नाही ते कळण्यासाठी ही वाट. २००५ चा कायदा, १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर. उत्तर नाही आलं तर पहिलं अपील, मग माहिती आयोग, ज्याचं पीठ बेळगावातही आहे. दोषी अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड होऊ शकतो.

कर्नाटकात एका अर्जात एकच विषय, शक्यतो १५० शब्दांत. महाराष्ट्राचाही नियम तसाच. फरक छोटा पण कामाचा: महाराष्ट्रात १० रुपयांचं कोर्ट फी स्टँप चालतं, इकडं मी पोस्टल ऑर्डर लावते.

भाषेचा मुद्दा इथं पुन्हा येतो. कायदा म्हणतो, अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत. म्हणजे बेळगावात मराठी अर्ज अडवला जाऊ शकतो, पण हिंदी अडवता येत नाही. ज्यांना कन्नड नि इंग्रजी दोन्ही जमत नाही त्यांनी साध्या हिंदीत, देवनागरीत लिहावा. उत्तर कन्नडमध्ये येईल हे धरून चाला. त्यापेक्षा मी प्रतींऐवजी फाइल पाहण्याची परवानगी मागते आणि कन्नड येणाऱ्या पुतण्याला सोबत नेते. फाइलवरची टिपणं, कुणाच्या टेबलावर किती दिवस होती, हे सगळं तिथं दिसतं. "कुणाचं काम कधी झालं" असल्या प्रश्नांना मात्र २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंतर नकार मिळण्याची शक्यता वाढली आहे. आपल्या स्वतःच्या फाइलपुरतं विचारा, ते नाकारणं अवघड जातं.

गावाचा हिशेब

स्वतःच्या उताऱ्यापलीकडचं, म्हणजे गटारीचे पैसे कुठं गेले, पुराच्या यादीत कुणाचं घर जास्त नुकसानीच्या 'अ' वर्गात गेलं, हे बघायचं असेल तर दोन जागा आहेत. एक, 'माहिती कणज' हे राज्याचं संकेतस्थळ. कणज म्हणजे आपली कणगी. गावनिहाय माहिती न मागता मिळावी म्हणून ते काढलं, राजस्थानच्या जन सूचना पोर्टलच्या धर्तीवर. कल्पना फार चांगली, पण कणगीचं तोंड कन्नड-इंग्रजीतच उघडतं.

दुसरी जागा जमाबंदी. १६ ऑगस्ट ते १५ सप्टेंबर या काळात दर वर्षी प्रत्येक ग्रामपंचायतीचे हिशेब लोकांपुढं तपासले जावेत असा नियम आहे. आमच्या घरी पूर आला त्या २०१९ च्या ऑगस्टनंतर याद्यांवरून गावात किती वैर झालं ते मी पाहिलं आहे. यादी ऑनलाइन होती. पण पंचायतीच्या भिंतीवर, वाचता येईल अशा लिपीत ती लागली असती तर निम्मी भांडणं झालीच नसती. निवड करायची असेल तर गावाच्या कामासाठी मी संकेतस्थळापेक्षा जमाबंदी धरीन, कारण तिथं तोंडानं, आपल्या भाषेत विचारता येतं आणि उत्तर देणारा समोर बसलेला असतो.

माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४(४) मध्ये सरकारनं स्वतःहून द्यायची माहिती देताना 'स्थानिक भाषा' विचारात घ्यावी असं म्हटलं आहे. शब्द राजभाषा नाही, स्थानिक भाषा आहे. भाषिक अल्पसंख्याकांची संख्या १५ टक्क्यांवर असेल तिथं महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही निघाव्यात, हे १९५६ पासून केंद्राच्या निवेदनात आहे. २०११ च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्यात मराठी मातृभाषा सांगणारे १८ टक्क्यांच्या वर आहेत. तालुक्यांचं वेगळं बघितलं तर आकडा आणखी वर जातो. सीमाप्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. जमाबंदीची नोटीस दोन भाषांत लावायला त्या निकालाची वाट बघायची गरज नाही. कन्नडचा मान त्यात कुठंही कमी होत नाही. वर कन्नड, खाली मराठी, एवढंच.

यंदाच्या जमाबंदीसाठी पंचायतीला द्यायचा अर्ज मी लिहून ठेवला आहे. वर कन्नड मजकूर पुतण्यानं लिहिला, खाली मराठी मी. मागणी एका ओळीची आहे: नोटीस, जमा-खर्चाचा तक्ता आणि लाभार्थ्यांची यादी दोन्ही लिपींत भिंतीवर लावावी. सह्या करायला सासूबाई पहिल्या बसल्या. सोमवारी टपालात देणार, दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेणार. तुमच्या गावात द्यायचा असेल तर मजकूर माझ्याकडून घेऊन जा.